गाडीच्या दाराची करकर : घरच्या घरी उपाय

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात एका कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बियाणं, खत, कीड, पाणी या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीचं दार उघडताना ‘कर्रर’ असा आवाज येतो, तो का येतो आणि घरच्या घरी कसा घालवायचा, हे आज बघू.

तुम्ही म्हणाल, साहेबांना आज दुसरा विषय सापडला नाही वाटतं! पण जरा आपल्या दाराशी नजर टाका. पूर्वी तिथं बैलगाडी उभी असायची, आज बऱ्याच ठिकाणी जीप किंवा पिकअप उभी असते. सकाळी तीच गाडी डेअरीला दूध नेते, दुपारी खताची पोती आणते, बाजाराच्या दिवशी कांदा-टोमॅटो घेऊन जाते आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला पोचवते. मग नांगर, पंप, फवारणी यंत्र यांच्यासारखंच ते एक शेतीचं अवजार झालं. आणि अवजाराची निगा हा शेतीचाच विषय आहे.

या विषयात मी स्वतः एक चूक केली होती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट ध्यानात राहील.

माझी चूक

मी एक जुनी चारचाकी घेतली. तिचं मागचं डावं दार करकरायचं. घरातली मंडळी म्हणायची, शेजारपाजारच्यांना कळतं तुम्ही कधी आलात ते. एका रविवारी मी बिजागरीवर तेल सोडलं, दार चार वेळा हलवलं आणि आवाज बंद झाला. मी खूश झालो. दार लावताना ते थोडं वर उचलून लावावं लागत होतं, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं, असंच मी धरून चाललो.

त्यानंतर काही दिवसांनी मी माती परीक्षणाचे नमुने प्रयोगशाळेत द्यायला निघालो. मागच्या बैठकीवर नमुन्यांच्या पिशव्या होत्या. ओढ्याच्या पुलापाशी वळण आहे, तिथं गाडी वळली आणि तेच दार आपोआप उघडलं. गाडीचा वेग कमी होता. पण पिशव्या रस्त्यावर पडल्या, फुटल्या, कोणाची माती कोणाच्या मातीत मिसळली. ज्यांच्या शेतातले ते नमुने होते त्यांच्या दारी मला पुन्हा जावं लागलं, पुन्हा नमुने घ्यावे लागले. पेरणी तोंडावर आलेली, आणि माझ्यामुळे त्यांचे दिवस वाया गेले.

पण खरं सांगू का? पिशव्यांचं मला काही वाटलं नाही. आदल्याच संध्याकाळी माझी सहा वर्षांची मुलगी त्याच दाराला टेकून बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ज्यांचा नमुना वाया गेला त्यांच्यात एक वयस्क आबा होते. मी झालेली हकिगत सांगितली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साहेब, बैलाचा खांदा सुजला की आम्ही हळद लावतो. पण आधी जू बघतो.”

बंधूंनो, आजच्या भाषणाचं सार या एका वाक्यात आलं. करकर दोन कारणांनी होते. एक कारण म्हणजे बिजागरी कोरडी पडणं, आणि दुसरं म्हणजे बिजागरी झिजणं. कोरडेपणावर तेल हा उपाय आहे. झिजेवर नाही. झिजलेल्या बिजागरीला तेल घातलं तर ती फक्त गप्प बसते. म्हणून तेलाची बाटली हातात घेण्याआधी दुखणं कोणतं आहे ते ओळखायला पाहिजे.

बिजागरी काम कशी करते

गाडीच्या प्रत्येक दाराला साधारणपणे दोन बिजागऱ्या असतात, एक वर आणि एक खाली. चार दारांची गाडी असेल तर अशा आठ झाल्या. प्रत्येक बिजागरीला दोन पानं असतात. एक पान गाडीच्या खांबाला घट्ट बसवलेलं असतं, दुसरं दाराला. दोन्ही पानांच्या भोकांतून एक लोखंडी पिन जाते. या पिनेभोवती दार फिरतं. पिन आणि भोक एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पुष्कळदा बुश असतो.

ट्रॅक्टरला जागोजागी ग्रीस निपल असतात. ते दिसतात, म्हणून आपण ग्रीसगन लावतो. गाडीच्या दाराच्या बिजागरीला असं निपल बहुधा नसतं. त्यामुळे तिची कोणाला आठवण होत नाही. ती ओरडायला लागली की मगच आपण बघतो.

आता तिच्यावर भार किती पडतो बघा. दार सुमारे तीन फूट लांब आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये एक फुटाचं अंतर आहे, असं धरा. उघड्या दाराच्या टोकाला कोणी २० किलोचं ओझं अडकवलं, तर दाराच्या स्वतःच्या वजनाखेरीज वरची बिजागरी ६० किलोच्या जोरानं बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोरानं आत दाबली जाते. पहारीनं दगड उचलतो तोच हा हिशेब, फक्त इथं जोर आपल्याविरुद्ध लागतो. म्हणून उघड्या दाराला लोंबकळणारं पोर, दारावर रेलून गप्पा मारणारा गडी आणि दाराच्या टोकाला अडकवलेली दुधाची किटली, ही तिन्ही बिजागरीची वैरी आहेत.

आवाज नेमका कुठून येतो

आपल्याकडे म्हण आहे, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. आवाज एकीकडे आणि तेल दुसरीकडे, असं होऊ देऊ नका. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. आजूबाजूला शांतता असेल अशी वेळ निवडा. एकानं दार अगदी सावकाश उघडावं आणि मिटावं. दुसऱ्यानं कान देऊन ऐकावं.

दार फिरत असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘कर्रर’ असा लांब आवाज येत असेल, तर तो बहुधा बिजागरीचा असतो.

दार ठरावीक जागी येताच ‘कट्’ असा एकदाच आवाज येत असेल, तर दोन बिजागऱ्यांच्या मध्ये बघा. तिथं दारात आतबाहेर होणारी एक पट्टी असते. दार अर्धवट उघडून जागेवर थांबतं ते या पट्टीमुळे. ती कोरडी पडली किंवा तिची खीळ सैल झाली की कटकट करते. पुष्कळ लोक बिजागरीवर तेल ओतत राहतात आणि आवाज या पट्टीचा असतो.

दार बंद आहे, गाडी खड्ड्यांतून चालली आहे आणि ‘चीं चीं’ आवाज येतो, तर दाराभोवतीचं रबर धुळीनं कोरडं झालं आहे असं समजा.

आणि बंद दार गाडी चालताना ‘खडखड’ वाजत असेल, तर सावध व्हा. दार नीट धरलं जात नाही, असा त्याचा अर्थ आहे.

आधी जू बघा : दार उचलून बघण्याची परीक्षा

ही परीक्षा एका मिनिटाची आहे, पण सगळ्यात महत्त्वाची आहे.

दार वीतभर उघडा. बिजागरीपासून लांबचं जे टोक आहे ते खालून दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच वर उचलून बघा. जोर लावू नका. दुसऱ्या माणसानं त्या वेळी बिजागऱ्यांवर बॅटरीचा उजेड पाडून बघावं. मात्र फटीत बोट घालू नये.

तीन गोष्टी दिसू शकतात.

पहिली, काहीच हलत नाही. मग बिजागरी फक्त कोरडी आहे. घरचा उपाय पुरेल.

दुसरी, पानं जागेवर आहेत पण पिन भोकात हलते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. मग पिन किंवा बुश झिजला आहे. इथं तेलाचा उपयोग नाही.

तिसरी, बिजागरीचं अख्खं पानच खांबावर किंवा दारावर हलतं. मग बोल्ट ढिले झाले आहेत, किंवा तिथला पत्रा तडकला आहे.

याशिवाय दार मिटताना नीट लक्ष द्या. दारातलं कुलूप चौकटीवरच्या लोखंडी कडीला धरतं ते दोन टप्प्यांत. पहिल्या ‘टक्’ला दार अडकतं, पण पुरतं बसत नाही. दुसऱ्या ‘टक्’ला पुरतं बसतं. झुकलेलं दार बऱ्याचदा पहिल्या टप्प्यावरच राहतं. बाहेरून बघणाऱ्याला ते बंद वाटतं. माझं दार तसंच होतं. म्हणून दार लावल्यावर बाहेरून हात फिरवून बघा. दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याशी सपाट लागला पाहिजे. दार उचलून लावावं लागत असेल, कडीवर एकाच बाजूला घासल्याची चकाकी दिसत असेल, तर दार खाली झुकलं आहे हे नक्की समजा.

साफसफाई : हे काम टाळू नका

परीक्षेत दार पास झालं, तरच पुढच्या कामाला लागा. सामान साधंच आहे. एक जुना दातांचा ब्रश, दोन-तीन जुनी फडकी, वाटीभर साबणाचं पाणी, अर्धा कप डिझेल, थोडं नवीन इंजिन ऑईल आणि चमचाभर ग्रीस. तेल नेमकं फटीत सोडायला औषधाच्या दुकानात मिळणारी नवी सिरिंज सुई न लावता वापरली तर तेल वाया जात नाही. जनावरांना टोचलेली जुनी सिरिंज मात्र वापरू नका.

पुष्कळ जण धुळीवरच तेल ओततात. आपल्या रस्त्यांची धूळ म्हणजे बारीक वाळू. तेलात वाळू मिसळली की तिची घासणी तयार होते. मग दार उघडाल तितक्या वेळा पिन घासली जाते. वर आवाज कमी येतो आणि आत झीज चालू राहते.

म्हणून आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून बिजागरी पुसून घ्या. वाळू द्या. जुनं ग्रीस काळं आणि घट्ट झालं असेल तर फडक्याला थोडं डिझेल लावून ते काढा. ब्रशनं पिनेच्या दोन्ही टोकांशी घासा. गंज धरला असेल तर फटीवर डिझेलचे थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. गंजरोधक फवारा घरात असेल तर तोही चालेल. शेवटी कोरड्या फडक्यानं सगळं टिपून घ्या. रंगावर आणि रबरावर डिझेल राहू देऊ नका.

हे काम करताना बिडी-सिगारेट नको, जवळ चूल पेटलेली नको. वापरलेली फडकी गोठ्याजवळ किंवा चाऱ्याजवळ टाकू नका. जनावरं ती चाटतात, चघळतात, आणि विषबाधेचा धोका असतो. काम संपलं की हात साबणानं धुवा.

गंजाबद्दल एक गोष्ट सांगतो. गव्हावर तांबेरा पडतो तसाच हा लोखंडावरचा तांबडा भुरका. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून गंजलेली पिन भोकात फुगल्यासारखी घट्ट होते आणि दार जड चालतं. पावसाळ्यात हे लवकर होतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे कोकणातल्या बंधूंना तर बाराही महिने जपावं लागतं.

आणि आपल्या घरी खारा वारा नसला तरी खताची पोती असतात! म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं. मिठात असतं तेच. ते लोखंड खातं. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. पोतं फुटून दाणे दाराच्या फटीत गेले की तिथं कायमची ओल राहते. म्हणून खत वाहून आणलं की त्याच दिवशी फटी झाडून, पाण्यानं धुऊन, कोरड्या करा. धुलाईच्या जोरदार फवाऱ्यानं बिजागरीतलं वंगणही निघून जातं. तेव्हा धुणं झालं की वंगण, हा नियमच करून टाका.

वंगण कोणतं आणि किती

आता तेल. प्रत्येक बिजागरीत पिनेच्या वरच्या टोकाशी दोन-तीन थेंब नवीन इंजिन ऑईल सोडा. ट्रॅक्टरच्या गिअर पेटीत घालतात ते नव्वद नंबरचं ऑईल घरात असेल तर तेही चालेल. ते घट्ट असतं, म्हणून आत उतरायला थोडा वेळ द्या. वरून सोडलेलं तेल आपोआप खाली उतरतं. मग दार पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. असं दहा-पंधरा वेळा करा. फटीतून काळं पाणी बाहेर येईल. ती आतली घाण आहे. ती पुसून पुन्हा दोन थेंब सोडा. बाहेर येणारं तेल स्वच्छ दिसलं की थांबा.

खालची बिजागरी विसरू नका. चाकानं उडालेला चिखल तिच्यावर जास्त बसतो, पण खाली वाकून तिच्याकडे बघतं कोण!

शेवटी बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस पिनेच्या उघड्या भागावर चोळा. तेल आत शिरतं पण लवकर ओघळून जातं. ग्रीस आत शिरत नाही पण जागेवर टिकतं आणि पाण्याला अडवतं. दोघांची कामं वेगळी आहेत. दार थांबवणाऱ्या पट्टीवरही ग्रीसचा पातळ हात फिरवा. मग बाहेर राहिलेलं सगळं पुसून टाका. जास्त ग्रीस ठेवलं तर त्यावर धूळ बसून लाडू होतो, आणि पुढच्या वेळी तोच लाडू खरवडत बसावं लागतं.

बाजारात बारीक नळीचे फवारे मिळतात. त्यांतले काही फवारे गंज सोडवण्यासाठी असतात. त्यांनी आवाज ताबडतोब जातो, पण त्यांचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो. असा फवारा मारला तरी नंतर तेल आणि ग्रीस लावावंच लागतं.

हे करू नका

स्वयंपाकघरातलं तेल घालू नका. शेंगदाण्याचं तेल काही दिवस बरं चालतं, मग ते चिकट होतं आणि धूळ धरतं. जवस आणि करडईची तेलं हवेनं वाळतात, म्हणून तर जवसाचं तेल रंगात घालतात. बिजागरीत वाळलेलं तेल म्हणजे खळ. आपले आजोबा बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालत असत हे खरं, पण ते वंगण वरचेवर नवं घातलं जायचं. आपण दाराला वर्षातून एकदा तेल दाखवतो आणि विसरतो.

गाडीतून काढलेलं जळकं ऑईल घालू नका. त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. शिवाय ते कातडीलाही वाईट.

दाराभोवतीच्या रबराला तेल-ग्रीस लावू नका. खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. रबर साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं करावं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर हलक्या हातानं फिरवावी. चीं चीं थांबते.

सीटच्या पट्ट्याला तेलाचा हात लावू नका.

बिजागरीचे बोल्ट घरी सोडू नका. ते ढिले वाटले तर बरोबर मापाचा पाना घेऊन, दुसऱ्या माणसाला दार खालून धरायला सांगून, फक्त घट्ट करा. दार चौकटीत कुठं बसायचं हे त्याच बोल्टवर ठरलेलं असतं. ते सोडले की दार जागा सोडतं. बोल्ट नुसता फिरत राहिला, घट्ट होईना, तर तिथंच थांबा.

आणि शेवटचं, दार दोरीनं बांधून गाडी चालवू नका. ‘मिस्त्रीकडे जाईपर्यंत चालतंय’ म्हणत आपण महिनोन्महिने दोरी ठेवतो. अपघात झाला तर आतला माणूस त्या दारानं बाहेर पडू शकत नाही.

मिस्त्रीकडे केव्हा जायचं

दार उचलल्यावर पिन हलत असेल, पान हलत असेल, पत्र्याला चीर दिसत असेल किंवा दुसरा ‘टक्’ होत नसेल, तर गाडी मिस्त्रीकडे न्या. तोपर्यंत त्या दाराशी कोणाला बसवू नका. मिस्त्रीला ‘आवाज घालवा’ एवढंच सांगू नका. ‘दार झुकलंय, पिन-बुश बघा’ असं सांगा. आवाज घालवायला सांगितलं तर तो तेल घालून देईल, त्यात त्याचा दोष नाही. पिन आणि बुश बदलून काम भागतं का, की बिजागरीच बदलावी लागेल, हे त्याला विचारा. झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा टाका मारून घेऊ नका. दाराजवळच्या खांबातून विजेच्या तारा गेलेल्या असतात. कुठंही वेल्डिंग करायचं झालंच तर आधी बॅटरीची तार काढायला लावा.

मी माझं दार दुरुस्त करून घेतलं तेव्हा जुनी पिन मागून घेतली. मधोमध ती दांड्यावरच्या जुन्या विळ्यासारखी झिजली होती. वरून बिजागरी ठीक दिसत होती. ती पिन मी गाडीतच ठेवली आहे. शिबिराला गेलो की दाखवतो.

वर्षातून तीन वेळा

आता हे लक्षात कसं राहायचं? तारखा पाठ करायची गरज नाही. आपले सण आहेतच.

पहिली वेळ मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस लागण्यापूर्वी सगळ्या बिजागऱ्या साफ करून तेल आणि ग्रीस द्या.

दुसरी वेळ खंडेनवमीला. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतो. माळ घालण्यापूर्वी पावसाळ्याचा चिखल आणि गंज काढा.

तिसरी वेळ संक्रांतीच्या सुमारास. कांदा-उसाची वाहतूक, धूळ आणि फेऱ्या वाढलेल्या असतात.

तिन्ही वेळा तेलाआधी दार उचलून बघायचं. मधल्या काळात गाडी धुतली किंवा खत वाहिलं, तर बिजागरी पुसून दोन थेंब सोडायचे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि खर्च नावापुरता.

बंधू-भगिनींनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं, त्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो. आज ओझं ओढायला गाडी आली आहे. तिच्या दाराचा सगळा भार ज्या दोन बिजागऱ्यांवर आहे, तेच तिचे खांदे समजा. बैल बोलत नाही, तरी आपण त्याचा खांदा हातानं चाचपून बघतो. दार तर करकरून सांगत असतं. त्याला गप्प करण्याआधी ते काय सांगतंय ते ऐकून घ्या, एवढीच माझी विनंती.

लक्षात ठेवा

१. आवाज कुठून येतो ते आधी ऐका : बिजागरी, पट्टी की रबर.
२. तेलाआधी दार उचलून बघा. हलत नसेल तरच घरचा उपाय करा.
३. धूळ आणि जुनं ग्रीस काढल्याशिवाय तेल सोडू नका.
४. नवीन इंजिन ऑईलचे दोन-तीन थेंब, वर ग्रीसचा पातळ हात. खाण्याचं तेल आणि जळकं ऑईल वापरू नका.
५. दाराचा दुसरा ‘टक्’ ऐकल्याशिवाय गाडी हलवू नका. मुलांना पट्टा लावून बसवा, आणि झुकलेल्या दाराशी तर बसवूच नका.
६. उघड्या दारावर रेलू नका, ओझं अडकवू नका.
७. मृगाआधी, खंडेनवमीला आणि संक्रांतीला बिजागऱ्यांची खांदेमळणी करा.